मांजराचं हृदय आणि उंदरातलं टॉरीन

"आमची मनी दूध-पोळीवर वाढलीय," असं कौतुकानं सांगणारी घरं आपल्याकडे पुष्कळ. म्हणणं खोटं नसतं, अर्धवट असतं. रात्री माळ्यावर, गोठ्यात, परसात मनी काय मारून खाते ते कोणी वाढलेलं नसतं. तिची तब्येत खरी राखतात ते उंदीर. आठव्या मजल्यावर, जाळी लावलेल्या खिडकीत बसलेल्या मांजराला ही सोय नाही.

उंदरात असं काय आहे? टॉरीन नावाचं अमिनो आम्ल. 1827 मध्ये बैलाच्या पित्तातून ते पहिल्यांदा वेगळं केलं गेलं. लॅटिनमध्ये टॉरस म्हणजे बैल, त्यावरून हे नाव. मांस-मासळीत ते भरपूर, वनस्पतींत जवळपास नाही, गाईच्या दुधात अगदी थोडं. माणसाचं शरीर दुसऱ्या अमिनो आम्लांपासून टॉरीन बनवू शकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी विकरं (एन्झाइम्स) फार मंद चालतात. त्यात खर्चही मोठा. चरबी पचवायला मदत करणाऱ्या पित्ताम्लांना जोडायला आपल्याला ग्लायसीन हे दुसरं अमिनो आम्लही चालतं, मांजराला मात्र टॉरीनच लागतं आणि त्यातलं थोडं रोज विष्ठेवाटे जातं. म्हणजे घरात कमाई नाही आणि गळती बारमाही.

टॉरीन कमी पडलं की मांजराच्या डोळ्यातलं दृष्टिपटल (रेटिना) झिजतं, हे 1975 मध्येच दिसलं होतं. हृदयाकडे लक्ष जायला आणखी बारा वर्षं लागली. त्या काळी अमेरिकेत दरवर्षी हजारो पाळीव मांजरं एका हृदयविकारानं मरत. हृदयाचा स्नायू दुबळा व्हायचा, कप्पे फुगायचे, रक्त पुढे ढकललं जायचं नाही. कारण सापडत नव्हतं. 1987 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस इथल्या पॉल पायन आणि सहकाऱ्यांनी अशा 21 मांजरांची माहिती प्रसिद्ध केली. सगळ्यांच्या रक्तात टॉरीन कमी होतं. ते तोंडावाटे दिल्यावर हृदयाचं आकुंचन पूर्ववत होऊ लागलं. दुबळं झालेलं हृदय एका साध्या पुरवणीनं सावरताना पाहायला मिळणं वैद्यकात दुर्मीळच!

मला यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते. ही मांजरं उपाशी नव्हती, उकिरड्यावर जगत नव्हती. ती दुकानातलं तयार खाद्य खात होती, आणि त्या काळच्या शिफारशीप्रमाणे त्यात टॉरीन पुरेसं होतं. चूक शिफारशीतच होती. डबाबंद खाद्य बनवताना ते खूप तापवलं जातं. अशा खाद्यामुळे आतड्यात टॉरीन फस्त करणारे जिवाणू फोफावतात आणि मांजराच्या वाट्याला कमी येतं. म्हणूनच आता अमेरिकी मानकांत कोरड्या खाद्यात किमान 0.1 टक्का, तर डबाबंद खाद्यात 0.2 टक्के टॉरीन मागितलं जातं, दोन्ही शुष्क वजनावर, म्हणजे खाद्यातलं पाणी वगळून. हे प्रमाण वाढवल्यानंतर तो विकार झपाट्यानं कमी झाला.

म्हणून मांजराचा प्रत्येक हृदयविकार टॉरीननं बरा होतो असं समजू नये. आज मांजरांत सर्वाधिक आढळतो तो नेमका उलटा प्रकार, हृदयाची भिंत जाड होण्याचा. मेन कून आणि रॅगडॉल या जातींत त्यामागचे जनुकीय बिघाड सापडले आहेत. तिथे टॉरीनच्या गोळ्यांचा इलाज चालत नाही. कोणता प्रकार आहे ते टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, केल्यावर कळतं.

दूध-भात, दही-भातावर ठेवलेल्या घरबंद मांजराला मात्र जुना धोका आजही आहे. शाकाहारी घरात मांजर पाळायला हरकत नाही, पण मांजराला शाकाहारी करू नये. घरी मासे किंवा चिकन उकडत असाल, तर ते पाणी ओतून देऊ नका. टॉरीन पाण्यात विरघळतं, बरंचसं त्या पाण्यातच उतरतं. त्यातच भात कालवा. आणि भात चवीपुरताच.

मांजर आजार लपवण्यात तरबेज असतं. ते गाढ झोपलेलं असताना एका मिनिटात पोट किती वेळा वर-खाली होतं, म्हणजे ते किती श्वास घेतं, ते मोजा. आकडा वारंवार तिसाच्या वर जात असेल तर डॉक्टरांना दाखवा. तोंड उघडून धापा टाकत असेल, किंवा मागचे पाय अचानक लुळे आणि थंड पडले असतील, तर सकाळची वाट पाहू नका.