खालची कवळी डबीत का जाते?

कवळी बसवलेल्या आणि बसवू पाहणाऱ्या ज्येष्ठांसाठी, आमच्या दवाखान्याकडून

नवी कवळी घेऊन गेलेले आजोबा दोन महिन्यांनी आले की आमचा पहिला प्रश्न असतो, "खालची लावून जेवता ना?" पुष्कळदा उत्तर सूनबाई देतात, "ती डबीतच असते."

वरच्या कवळीची तक्रार सहसा येत नाही. रुंद टाळूवर लाळेच्या पातळ थराने ती धरून राहते. खाली मात्र बसायला जागा अरुंद, त्यात जीभ सारखी हलणारी. शिवाय दात काढल्यावर जबड्याचं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त, आणि वरच्यापेक्षा खालचं जवळपास चौपट. म्हणून कवळीवर माणूस समाधानी आहे की नाही, हे बहुतेक वेळा खालचीवरच ठरतं.

दुसरी गोष्ट आम्ही माप घेण्याआधीच सांगतो, कारण ती लपवणं आम्हाला पटत नाही. कवळीने चावण्याची ताकद स्वतःच्या दातांच्या पाव भागाच्या आसपासच राहते. सवय व्हायला सहा ते आठ आठवडे लागतात. सुरुवातीला लाळ जास्त सुटते, 'स' आणि 'श' अडखळतात. रोज पेपर मोठ्याने वाचा, फरक पडतो.

खाण्याचं म्हणाल तर आधी मऊ भात, खिचडी. मग ताजी मऊ भाकरी. कडक भाकरी आमटीत चांगली कुस्करून घ्या, समोरच्या दातांनी तोडू नका. घास लहान घ्या आणि दोन्ही बाजूंनी एकदमच चावा, एकाच बाजूने चावलं की दुसरी बाजू उचलते. शेंगाचटणी सोडा असं सोलापुरात कोण कुणाला सांगणार? फक्त तिचे कण खालच्या कवळीखाली शिरून टोचतात, म्हणून जेवण झालं की कवळी काढून चूळ भरा. हुरडा पहिल्या वर्षी जपूनच.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, हिरड्यांनाही विश्रांती हवी. बंबातलं कढत पाणी नको, आकार बिघडतो. टूथपेस्टने चरे पडतात, त्यापेक्षा मऊ ब्रश आणि साधा साबण बरा. बीपीच्या आणि इतर काही गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, मग वरचीही सैल वाटू लागते. येताना सगळ्या गोळ्या सोबत आणा. मिशेरी लावणाऱ्या आज्यांना आमची कळकळीची विनंती, ती सोडा. तोंडातली कोणतीही जखम दोन आठवड्यांत भरली नाही तर कवळीचीच असेल असं समजून घरी थांबू नका.

सैल झालेल्या कवळीला आतून नवं अस्तर लावता येतं, दर वेळी नवी करावी लागत नाही. तरीही खालची टिकतच नसेल, तर दोन इम्प्लांटवर, म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेल्या धातूच्या खुंट्यांवर, अडकणारी कवळी हा चांगला उपाय आहे. २००२ साली कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात जमलेल्या तज्ज्ञांनी दात नसलेल्या खालच्या जबड्यासाठी तिलाच पहिली पसंती दिली होती. खर्च मात्र बराच वाढतो, आणि मधुमेह असेल तर साखर आटोक्यात हवी. साध्या कवळीने काम भागत असेल तर आम्ही इम्प्लांटच्या कवळीचा आग्रह धरत नाही.

टोचत असेल तर घरी कानशीने घासू नका. दाखवायला येण्याच्या आदल्या दिवशी दुखलं तरी थोडा वेळ कवळी लावा आणि त्या दिवशी लावूनच या. हिरडीवर वळ दिसला की नेमकं कुठे घासायचं ते आम्हाला कळतं.