गतिबदल ड्रिबलिंग

गतिबदल ड्रिबलिंग : बास्केटबॉलमध्ये चेंडूला टप्पे देत पुढे नेताना धावण्याचा आणि टप्प्याचा वेग मुद्दाम कमी-जास्त करून बचावपटूला हुलकावणी देण्याचे तंत्र. पायांमधून किंवा पाठीमागून चेंडू काढण्याच्या करामतींइतके ते डोळ्यांत भरत नाही. नवशिक्या खेळाडूला मात्र सर्वांत आधी हेच शिकवावे.

जेम्स नेस्मिथ यांनी डिसेंबर १८९१ मध्ये अमेरिकेतील स्प्रिंगफील्ड येथे हा खेळ सुरू केला, तेव्हा त्यांच्या मूळ १३ नियमांत चेंडू घेऊन धावण्यास मनाई होती आणि ड्रिबलिंगचा उल्लेखही नव्हता. चहूबाजूंनी अडवल्या गेलेल्या खेळाडूंनी चेंडू जमिनीवर टाकून पुन्हा हाती घेण्याची वाट शोधली आणि त्यातून हे कौशल्य वाढत गेले.

या तंत्राचे मर्म वेग वाढवण्यापेक्षा वेग कमी करण्यात आहे. सरळ भरधाव येणाऱ्या खेळाडूचा अंदाज बचावपटूला लगेच येतो. पण तोच खेळाडू मध्येच पावले आखडती घेऊन छाती व मान किंचित वर उचलतो, तेव्हा तो आता थांबणार किंवा बास्केटवर नेम धरणार असे वाटून बचावपटूचे गुडघे सरळ होतात आणि भार टाचांवर जातो. नेमक्या त्याच क्षणी चेंडू पुढे लांब ढकलून पहिले पाऊल मोठे टाकायचे असते. डोळ्यांनी पाहून शरीर हलायला माणसाला साधारण ०.२ सेकंद लागतात आणि सेकंदाला ५ मीटर वेगाने जाणारा खेळाडू तेवढ्यात १ मीटर पुढे निघून गेलेला असतो. वेगात टप्पा कमरेच्या उंचीचा व शरीराच्या पुढे, तर संथ गतीत गुडघ्याच्या उंचीचा व मागच्या पायाजवळ ठेवावा. टप्पा जितका ठेंगणा, तितका चेंडू लवकर हाताशी परत येतो. चेंडू हाताला लागलेला नसताना किती पावले टाकावीत यावर नियमाने बंधन नाही, म्हणून एका टप्प्यात तीन-चार पावले पळून जाता येते. मात्र वेग मंदावताना तळहात चेंडूखाली जाऊन चेंडू क्षणभर हातावर विसावला, तर तो नियमभंग ठरतो आणि नवशिक्यांची चूक बहुधा इथेच होते.

ग्रामीण विदर्भात या सरावाला जमिनीचा विचार करावाच लागतो. काळ्या कापसाच्या जमिनीला उन्हाळ्यात भेगा पडतात व पावसात तिचा चिखल होतो. त्यामुळे शाळेचे मैदान मुरूम पसरून, पाणी मारून आणि रोलर फिरवून तयार केले जाते. अशा मैदानावर टप्पा मऊ बसतो आणि एखाद्या खड्यावर पडलेला चेंडू तिरपा उडून नडगीवर आदळतो. म्हणून संथ, ठेंगणा टप्पा मुरुमावर आणि लांब टप्प्याची धाव गावातल्या सिमेंटच्या रस्त्यावर किंवा धान्य वाळवायच्या ओट्यावर, अशी विभागणी सोयीची पडते. वैशाख-ज्येष्ठात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, उन्हात राहिलेल्या चेंडूतील हवेचा दाब वाढून तो नेहमीपेक्षा जास्त उसळतो. खेळाडूंच्या प्रकृतीसाठीही सराव सकाळी नऊच्या आत संपवणेच योग्य.

नियमानुसार मैदान २८ मीटर लांब असते. फक्कीने दर ७ मीटरवर रेघ आखून पहिला भाग चालत, दुसरा भरधाव, तिसरा निम्म्या वेगाने आणि चौथा पुन्हा भरधाव असा सराव सुरुवातीला पुरेसा होतो. रेघेची सवय जडली की खेळाडू रेघ पाहूनच वेग बदलू लागतो, तेव्हा रेघा पुसून टाळीच्या इशाऱ्यावर सराव घ्यावा. एक टाळी म्हणजे संथ, दोन म्हणजे वेगात. नजर चेंडूवर न खिळता समोर राहावी, यासाठी शिक्षकाने पुढे उभे राहून बोटे दाखवावीत आणि खेळाडूने धावतच ती मोजून सांगावीत. डाव्या हाताला उजव्याइतकाच वेळ द्यावा.

आट्यापाट्या व कबड्डी खेळलेल्या मुलांना हे तंत्र लवकर उमगते. पाटीवरच्या गड्याला झुलवत ठेवून एकदम निसटणे किंवा चढाईत रेंगाळल्यासारखे करून अचानक झेप घेणे त्यांच्या पायांत आधीच मुरलेले असते. त्यांना शिकवायचा राहतो तो केवळ हात, आणि पाय थबकले तरी टप्पा चालू ठेवण्याची सवय.