इख झे, इख झे

व्हेरोनिका फ्रान्झ आणि सेव्हेरिन फियाला यांनी लिहिलेला व दिग्दर्शित केलेला जर्मन भाषेतील ऑस्ट्रियन भयपट (२०१४). परदेशात तो ‘गुडनाइट मॉमी’ या नावाने ओळखला जातो. मूळ नावाचा अर्थ ‘मला दिसतंय, मला दिसतंय’. जर्मन बोलणाऱ्या मुलांच्या एका खेळातली ही ओळ आहे. एकाने समोरची एखादी वस्तू मनात धरायची, ‘मला दिसतंय, मला दिसतंय, जे तुला दिसत नाही’ असे म्हणून तिचा रंग सांगायचा आणि दुसऱ्याने ती ओळखायची. चित्रपटाचा सगळा पेच या ओळीत आहे, आणि इंग्रजी नावात नेमका तोच हरवला आहे.

मक्याच्या शेतांजवळच्या एकाकी घरात एलियास आणि लुकास हे नऊ-दहा वर्षांचे जुळे भाऊ उन्हाळा घालवत असतात. नवऱ्यापासून वेगळी झालेली, दूरचित्रवाणीवर काम करणारी त्यांची आई शस्त्रक्रिया करून घरी परतते ती चेहऱ्यावर पट्ट्या गुंडाळूनच. ती पडदे ओढून घेते, जरा आवाज झाला की चिडते आणि खायला देते ते एकट्या एलियासला. लुकासशी ती चकार शब्द बोलत नाही. कपाळावर चिकटवलेल्या चिठ्ठीवरचे नाव ओळखण्याच्या खेळात मुले तिच्या चिठ्ठीवर ‘आई’ असे लिहितात, आणि तिला ते ओळखता येत नाही. ही बाई आपली आई नाहीच, हा संशय तिथून पक्का होत जातो.

या कथेचे बीज दिग्दर्शकांना दूरचित्रवाणीवरील रूपपालटाच्या कार्यक्रमांत सापडले. शस्त्रक्रियेनंतर आई घरच्यांसमोर येते, मोठी माणसे टाळ्या वाजवतात आणि मुले मात्र बावरून बघत राहतात. ते बावरणे या दोघांनी गंभीरपणे घेतले.

पुढे शेवट उघड केला आहे. लुकास एका अपघातात आधीच गेलेला आहे, आणि तो फक्त एलियासला दिसतो. एलियासच्या समाधानासाठी आई काही काळ तो जिवंत असल्यासारखे वागली होती. आता तिला ते झेपत नाही. मुले तिला पलंगाला बांधून छळतात. खरी आई असशील तर लुकास आत्ता काय करतोय ते सांग, अशी अट एलियास घालतो. तिला उत्तर देता येत नाही आणि घर पेटते. छळाच्या दृश्यांची चर्चा पुष्कळ झाली, पण त्यांहून हलवून टाकतो तो लुकाससाठी कधीच न वाढलेला घास. पहिल्यांदा पाहताना ती आई क्रूर वाटते. दुसऱ्यांदा पाहताना मूल गमावलेली एक थकलेली बाई दिसते, आणि ते पाहणे अधिक जड जाते.

सुरुवातीला ट्राप या ऑस्ट्रियन गायक कुटुंबावरच्या १९५६च्या जर्मन चित्रपटातला, जर्मन संगीतकार ब्राम्स यांच्या अंगाईचा तुकडा येतो. ‘देवाची इच्छा असेल तर उद्या सकाळी तू पुन्हा जागा होशील’ ही त्या अंगाईतली ओळ इथे अंगावर काटा आणते. एलियास आणि लुकास श्वार्झ या खऱ्या जुळ्या भावांनी आपल्याच नावांच्या भूमिका केल्या. आईचे काम सुझान वुस्ट यांचे. मार्टिन ग्श्लाख्ट यांनी ३५ मिमी फिल्मवर केलेल्या छायाचित्रणाला २०१५चा युरोपीय चित्रपट पुरस्कार मिळाला. ती दृश्ये बहुतेक लख्ख उन्हातली आहेत. संगीत ओल्गा नॉयविर्थ यांचे, निर्मिती उलरिख झाइडल यांची. पहिला खेळ व्हेनिस महोत्सवात झाला. ऑस्करसाठी ऑस्ट्रियाने हाच चित्रपट पाठवला होता, पण नामांकन मिळाले नाही. २०२२ साली नेओमी वॉट्स यांना घेऊन अमेरिकेत त्याची नवी आवृत्ती निघाली.