केबल आणि डीएसएल

घरगुती इंटरनेट जोडणीच्या, तांब्याच्या तारेवर आधारलेल्या दोन पद्धती. डीएसएल (डिजिटल सबस्क्रायबर लाइन) पद्धतीत दूरध्वनीसाठी टाकलेली पिळाच्या तारांची जोडी वापरतात, तर केबल पद्धतीत दूरचित्रवाणीच्या वाहिन्या घरोघर नेणारी समाक्ष (कोअ‍ॅक्सियल) केबल. साधारणतः १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून या दोन पद्धतींनी डायल-अपची (फोन लावून इंटरनेट जोडण्याच्या पद्धतीची) जागा घेतली आणि पुढे ऑप्टिकल फायबरने दोहोंना मागे सारले. दोन्ही जाळी घरगुती इंटरनेटच्या आधीची व वेगळ्याच कामासाठी उभारलेली. त्यांच्या मर्यादाही त्या मूळ कामातूनच आल्या आहेत.

उगम : केबल दूरचित्रवाणी प्रथम कोणी सुरू केली, हा प्रश्न अमेरिकेत आजही पूर्णपणे मिटलेला नाही. पेनसिल्व्हेनियातील महनॉय सिटी येथे विद्युत उपकरणांचे दुकान चालवणाऱ्या जॉन वॉल्सन याने १९४८ च्या जूनमध्ये डोंगरावर अँटेना उभारून तार गावात आणली, असे सांगितले जाते. मात्र त्याची तत्कालीन कागदपत्रे आगीत नष्ट झाल्याने हा दावा मुख्यतः नंतरच्या आठवणींवर उभा आहे. ऑरेगनमधील अ‍ॅस्टोरिया येथील एड पार्सन्स याने त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सिअ‍ॅटलचे केंद्र सुरू होताच, हॉटेलच्या गच्चीवरील अँटेनाने ते प्रक्षेपण पकडले व तारेने शेजाऱ्यांना दिले. लॅन्सफर्ड येथील रॉबर्ट टार्लटनचे जाळे १९५० चे, म्हणजे नंतरचे. परंतु वर्गणीदार मिळवून धंदा म्हणून आखलेले आणि देशभर गाजलेले पहिले जाळे तेच. केबल कंपन्यांच्या व्यापारसंघटनेने वॉल्सनला मान दिला असला, तरी पुराव्याच्या दृष्टीने पार्सन्सची तारीख अधिक भरवशाची वाटते. प्रस्तुत विषयाशी या वादाचा संबंध एवढाच, की तिन्ही जाळ्यांची रचना सारखी होती : वर एक अँटेना, खाली फांद्या फुटत गेलेली केबल, वाटेत विवर्धक (अँप्लिफायर) आणि सगळी वाहतूक एकाच दिशेने, घराकडे. हीच रचना जवळजवळ पन्नास वर्षे टिकली. तिच्यावरून उलट दिशेने काही पाठवायचे म्हटले, की प्रत्येक विवर्धक बदलावा लागे. म्हणूनच सुरुवातीच्या काही केबल मोडेममध्ये डाउनलोड केबलवरून आणि अपलोड मात्र टेलिफोनच्या तारेवरून, अशी दुहेरी सोय होती.

केबल मोडेमचे जनकत्व बहुधा रूझबेह यासिनी यांना देतात. त्यांची लॅनसिटी ही कंपनी १९९० च्या सुमारासची. समाक्ष केबलवरून संगणक जोडण्याचे प्रयोग मात्र त्याहून बरेच जुने आहेत. १९८५ चे १०-ब्रॉड-३६ हे इथरनेट (संगणक तारेने एकमेकांना जोडण्याची पद्धत) मानक त्याचे उदाहरण. तेव्हा यासिनी यांचे श्रेय मोडेम घरगुती किमतीला आणण्याचे व केबल कंपन्यांना त्याकडे वळवण्याचे मानणे अधिक योग्य. निरनिराळ्या कंपन्यांचे मोडेम एकमेकांशी जुळावेत म्हणून केबललॅब्स या संस्थेने १९९७ मध्ये डॉक्सिस हे मानक काढले.

डीएसएलच्या बाबतीतही श्रेय विभागलेले आहे. बेलकोर या अमेरिकी दूरध्वनी कंपन्यांच्या संशोधनसंस्थेतील जोसेफ लेकलायडर यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस डाउनलोड आणि अपलोड यांचे वेग मुद्दाम असमान ठेवण्याची कल्पना मांडली. एकाच जाड केबलमधून जाणाऱ्या शेकडो जोड्यांचे संदेश एकमेकांत झिरपतात (क्रॉसटॉक), आणि एक्स्चेंजजवळ सगळ्या जोड्या एकत्र येत असल्याने घरांकडून क्षीण होऊन आलेल्या संदेशाला तिथे सर्वांत जास्त त्रास होतो. अपलोडसाठी कमी कंप्रतेचा (फ्रिक्वेन्सीचा) अरुंद पट्टा राखून ठेवला, तर डाउनलोडचा वेग पुष्कळ वाढवता येतो, हे त्यांनी दाखवले. उद्देश इंटरनेटचा नव्हता. दूरध्वनी कंपन्यांना तारेवरून मागणीनुसार चित्रपट दाखवून केबल कंपन्यांच्या धंद्यात शिरायचे होते. तो बेत फसला, पण असमान वेग मात्र वेबसाइट वाचणाऱ्या ग्राहकाला आयताच सोयीचा ठरला.

तारेवर बिट बसवायचे कसे, यावर दोन तट पडले. बेल लॅब्सकडून आलेली कॅप ही पद्धत एकच वाहक लहर वापरी व तिची यंत्रे आधी तयार होती. स्टॅनफर्डचे जॉन चॉफी व त्यांची अमाती ही कंपनी डीएमटी या अनेक-वाहक पद्धतीच्या बाजूने होती. १९९३ मध्ये बेलकोरने घेतलेल्या तुलनात्मक चाचण्यांत डीएमटी सरस ठरली आणि अमेरिकी मानक तिच्यावर बेतले गेले. तरीही कॅपचे मोडेम काही वर्षे प्रत्यक्षात विकले जात राहिले. १९९९ मध्ये आयटीयू या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेचे जी.९९२.१ हे मानक आल्यावर तो वाद थांबला. चॉफी यांना डीएसएलचे जनक म्हणण्याची प्रथा आहे. अनेक वाहकांची गणिती कल्पना वाइनस्टाइन व एबर्ट यांनी १९७१ मध्येच मांडली होती, हे लक्षात घेता असमानतेचे श्रेय लेकलायडर यांना व अनेक-वाहक पद्धत तारेवर चालवून दाखवण्याचे चॉफी यांना, अशी वाटणी प्रस्तुत नोंदीत स्वीकारली आहे.

डीएसएलची कार्यपद्धती : माणसाच्या बोलण्यासाठी दूरध्वनीवर सुमारे ३०० ते ३,४०० हर्ट्‌झ एवढाच पट्टा वापरतात, त्यावरची तार रिकामीच असते. एडीएसएलमध्ये (असमान वेगाच्या डीएसएलमध्ये) या पट्ट्याच्या वर, सुमारे २५ किलोहर्ट्‌झपासून १.१ मेगाहर्ट्‌झपर्यंतची जागा घेतली जाते. ४.३१२५ किलोहर्ट्‌झ रुंदीचे एकूण २५६ कप्पे करून मोडेम प्रत्येक कप्पा आधी तपासतो. जिथे गोंगाट कमी तिथे जास्त बिट (कमाल १५), जिथे जास्त तिथे कमी किंवा शून्य. मोडेम चालू केल्यावर दिवा बराच वेळ लुकलुकत राहतो, तो या तपासणीमुळे. एडीएसएलचा डाउनलोड वेग कमाल ८ मेगाबिट प्रतिसेकंदाच्या आसपास. २००३ च्या एडीएसएल२+ मध्ये पट्टा दुप्पट करून तो २४ पर्यंत नेला. त्याहून वेगवान व्हीडीएसएल२ (२००६) मध्ये १७ व पुढे ३० मेगाहर्ट्‌झपर्यंत मजल गेली आणि १०० मेगाबिट शक्य झाले, पण एक्स्चेंज किंवा रस्त्यावरची पेटी काही शे मीटरांत असेल तरच.

अंतर हाच या पद्धतीचा कळीचा मुद्दा. तांब्याच्या बारीक तारेत, भारतात ही तार साधारणतः ०.४ किंवा ०.५ मिलिमीटर जाडीची असते, कंप्रता वाढेल तसे क्षीणन वाढते. म्हणजे तार लांबली की वरचे कप्पे आधी निकामी होतात. सुमारे साडेपाच किलोमीटरपलीकडे एडीएसएल बहुधा चालत नाही. हे अंतर तारेचे असते, नकाशावरचे नव्हे. एक्स्चेंजच्या मागच्या गल्लीतील घराची तार पिलर व डीपी या वाटेवरच्या जोडपेट्यांमधून दोन किलोमीटर फिरून आलेली असू शकते. लांबच्या फोनवर आवाज स्पष्ट राहावा म्हणून पूर्वी तारेत ठराविक अंतरावर लोडिंग कॉइल बसवत. बोलण्यासाठी त्यांचा फायदा होता, पण त्या ३.४ किलोहर्ट्‌झच्या वरचे सगळे अडवतात, त्यामुळे काढून टाकल्याशिवाय डीएसएल चालू होत नाही.

मोडेमच्या माहितीपानावर ‘लाइन अ‍ॅटेन्युएशन’ आणि ‘एसएनआर मार्जिन’ असे दोन आकडे दिसतात. पहिला तारेच्या लांबीचा अंदाज देतो. ६० डेसिबेलच्या घरात असेल, तर प्लॅन कोणताही घेतला तरी वेग फारसा वाढत नाही. दुसरा आकडा गोंगाटावर मात करायला संदेशाला किती वाव उरला ते सांगतो; तो साधारणतः ६ डेसिबेलच्या वर राहावा अशी अपेक्षा असते. पावसाळ्यात जमिनीखालच्या जॉइंटमध्ये पाणी शिरले, की फोनवर खरखर ऐकू येते, हा दुसरा आकडा घसरतो आणि मोडेम पुनःपुन्हा जोडणी तोडून जोडतो. लाइनमनचा उपाय बहुधा एकच : डीपी उघडून ‘जोडी बदलणे’. तो कोरड्या जोड्या शिल्लक असेतो चालतो. घरातील दोष मात्र पुष्कळदा आवाज व इंटरनेट वेगळे करणाऱ्या स्प्लिटरचा असतो. समांतर जोडलेल्या दुसऱ्या फोनला फिल्टर लावलेला नसेल, तर रिंग वाजताच इंटरनेट जाते.

केबलची कार्यपद्धती : ७५ ओहमची समाक्ष केबल शेकडो मेगाहर्ट्‌झ वाहून नेते, दूरध्वनीच्या तारेशी तिची या बाबतीत तुलनाच होत नाही. एका वाहिनीची जागा (अमेरिकेत ६ मेगाहर्ट्‌झ, युरोपात ८) इंटरनेटला दिली, की अमेरिकी मापाने सुमारे ३८ मेगाबिट प्रतिसेकंद मिळतात. मात्र ते त्या फांदीवरील सर्व घरांचे मिळून असतात. मुख्य केंद्रातील सीएमटीएस हे यंत्र सगळ्यांना एकच प्रवाह पाठवते आणि प्रत्येक मोडेम त्यातील आपले तेवढे उचलतो. शेजाऱ्याने वाचू नये म्हणून प्रवाह सांकेतिक केलेला असतो. अपलोड करायचे तर मोडेमला आधी वेळ मागून घ्यावी लागते.

केबलचा दुबळा भाग अपलोड. त्यासाठी अमेरिकेत ५ ते ४२ मेगाहर्ट्‌झ हा खालचा पट्टा ठेवला गेला, कारण वरचा दूरचित्रवाणीने आधीच व्यापला होता. याच पट्ट्यात लघुलहरी रेडिओ, २७ मेगाहर्ट्‌झचे सीबी रेडिओ आणि घरगुती विजेच्या मोटरींचा गोंगाट असतो. सैल कनेक्टरमधून आत शिरलेला प्रत्येक घरचा गोंगाट नरसाळ्यातून उतरावा तसा मुख्य केंद्राकडे एकत्र होतो. एका घरातील गंजलेल्या जोडामुळे अख्ख्या फांदीचे अपलोड बिघडू शकते. उपाय म्हणून फांद्या आखूड करत गेले. १९८० च्या दशकाअखेरीपासून ऑप्टिकल फायबर वस्तीतील नोडपर्यंत नेऊन तिथून पुढे समाक्ष केबल वापरण्याची मिश्र पद्धत रुळली. डॉक्सिस ३.० (२००६) मध्ये अनेक वाहिन्या एकत्र बांधता येऊ लागल्या आणि ३.१ (२०१३) मध्ये केबलनेही अनेक-वाहक पद्धत स्वीकारली. म्हणजे मोडुलेशनच्या (लहरींवर बिट बसवण्याच्या) बाबतीत दोन्ही पद्धती अखेर एकाच जागी आल्या.

तुलना : डीएसएलची तार प्रत्येकाची स्वतंत्र आणि केबल सामायिक, असे सर्रास सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. डीएसएलच्या स्वतंत्र तारा एक्स्चेंजमधील डीस्लॅम या यंत्रापाशी संपतात आणि तिथून पुढची वाट सगळ्यांची एकच असते; ती कंपनीने अरुंद ठेवली, तर संध्याकाळी डीएसएलही तितकेच रखडते. फरक कोंडी कुठे होते याचा आहे. केबलमध्ये ती वस्तीतच होते व वेळेनुसार बदलते, डीएसएलमध्ये तारेची मर्यादा चोवीस तास सारखी राहते. एक्स्चेंजच्या जवळ राहणाऱ्याला डीएसएल व लांब राहणाऱ्याला केबल, हा जुना सल्ला एडीएसएलच्या काळापुरता ठीक होता. अमेरिकेत डॉक्सिस ३.० नंतर केबल निर्विवाद पुढे गेली. एटी अँड टी या कंपनीने २०२० मध्ये जुन्या डीएसएलच्या नव्या जोडण्या देणे बंद केले. ब्रिटनमध्ये दूरध्वनीच्या तारा प्रतिस्पर्धी कंपन्यांना भाड्याने देण्याची सक्ती असल्याने आणि केबलचे जाळे सर्वदूर नसल्याने डीएसएल पुष्कळ काळ टिकली. यावरून तंत्रापेक्षा नियमांचा वाटा मोठा असावा, असे दिसते.

भारत व महाराष्ट्र : २००४ च्या ब्रॉडबँड धोरणाने किमान २५६ किलोबिट वेगाला ब्रॉडबँड मानले (२०१३ मध्ये ५१२ किलोबिट, २०२३ मध्ये २ मेगाबिट). २०१० पर्यंत २ कोटी जोडण्यांचे उद्दिष्ट होते. ते गाठले गेले नाही. सरकारी कंपन्यांच्या तांब्याच्या तारा इतरांना खुल्या कराव्यात अशी ट्राय या दूरसंचार नियामक संस्थेची शिफारस होती, पण धोरणाने हा विषय कंपन्यांच्या आपसांतील करारांवर सोडला. परिणामी डीएसएल म्हणजे मुख्यतः मुंबई, ठाणे व नवी मुंबईत एमटीएनएल आणि उरलेल्या महाराष्ट्रात व गोव्यात बीएसएनएल, असेच चित्र राहिले. दोघांची सेवा २००५ च्या आरंभी सुरू झाली. बीएसएनएलच्या ‘होम ५००’ प्लॅनमध्ये रात्री २ ते सकाळी ८ डाउनलोड अमर्याद असे आणि त्या वेळेसाठी गजर लावणारी किंवा संगणक चालू ठेवून झोपणारी एक पिढीच तयार झाली.

केबलची गोष्ट भारतात वेगळी आहे. १९९१ च्या आखाती युद्धानंतर पसरलेली केबल दूरचित्रवाणी हजारो स्थानिक चालकांच्या हातात होती. एकदिशा विवर्धकांची ही जाळी द्विदिश करण्याचा खर्च कोणी करावा, यावर मोठ्या कंपन्या व स्थानिक चालक यांचे जमले नाही. हॅथवेसारख्या काही कंपन्यांनी मुंबई-पुण्यात खरे केबल मोडेम दिले. पण केबलवाल्याकडून आलेले बहुतेक इंटरनेट समाक्ष केबलवरचे नव्हतेच. इमारतीच्या गच्चीवर किंवा जिन्यात एक स्विच, तिथून खिडकीतून घरात येणारी कॅट-५ तार, आणि गच्चीवरून गच्चीवर टांगलेल्या तारांनी जोडलेल्या इमारती, असे ते साधे इथरनेट होते. ट्रायच्या आकडेवारीतही ‘केबल मोडेम’ आणि ‘इथरनेट लॅन’ हे वेगळे रकाने आहेत. अशा जोडणीला अंतराचा डीएसएलसारखा जाच नाही, फक्त एका तारेची लांबी १०० मीटरांच्या आत ठेवावी लागते. अपलोड व डाउनलोडचा वेगही सारखा देता येतो. तिचा शत्रू वीज : सोसायटीचे मीटर बंद पडले की स्विच बंद, आणि जवळ वीज कोसळली की त्याची पोर्ट जळतात. परदेशी लेखांतील केबल-डीएसएल तुलना वाचून मुंबईत निवड करणाऱ्याची म्हणूनच फसगत होई.

२०१८ मध्ये रिलायन्सने हॅथवे व डेन या केबल कंपन्यांत नियंत्रक हिस्सा घेत असल्याचे जाहीर केले, तेव्हा घरगुती इंटरनेटचा रोख फायबरकडे वळला होता. बीएसएनएलची फायबर जोडणीही अनेक ठिकाणी स्थानिक केबलचालकांमार्फतच दिली जाते. तार ओढणारा व तक्रार घेणारा माणूस तोच, महसुलात त्याचा ठराविक वाटा.