जिओ-सायंटिस्ट परीक्षेचा अर्ज: पात्रता, टप्पे आणि कागदपत्रं

भूशास्त्रात बी.एस्सी. केलेल्यांना भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणात जायचं असेल, तर यूपीएससीची कंबाइंड जिओ-सायंटिस्ट परीक्षा द्यावी लागते. पण नुसत्या बी.एस्सी.वर हा अर्ज भरता येत नाही. जिऑलॉजिस्ट, गट ‘अ’ या पदासाठी पदव्युत्तर पदवी हवी. एम.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला असाल तरी अर्ज चालतो. त्यामुळे आत्ता बी.एस्सी.ला असलेल्यांनी आधी ‘जॅम’ या एम.एस्सी.च्या प्रवेश परीक्षेचा जिऑलॉजीचा पेपर देऊन चांगल्या संस्थेत प्रवेश मिळवावा, असं मी आग्रहाने सांगेन.

जाहिरातीत मान्य विषयांची यादी असते. आपल्या पदवीचं नाव तिच्याशी शब्दशः ताडून बघा. केंद्रीय भूजल मंडळातल्या हायड्रोजिऑलॉजीच्या पदांसाठी ही यादी वेगळी आहे. दोन्हीकडे पात्र असाल तर दोन्ही पदं निवडा. फक्त मुख्य परीक्षेत हायड्रोजिऑलॉजीचा पेपर जास्तीचा द्यावा लागेल.

वय परीक्षेच्या वर्षी 1 जानेवारीला 21 ते 32 वर्षं. ओबीसींना 3, तर एससी-एसटी उमेदवारांना 5 वर्षांची सवलत. शुल्क 200 रुपये; महिला, एससी, एसटी आणि दिव्यांग उमेदवारांना तेही माफ.

पूर्व परीक्षा 400 गुणांची, मुख्य 600 आणि मुलाखत 200. पूर्व परीक्षेचे गुण अंतिम यादीत धरले जातात, म्हणून ती नुसती चाळणी समजू नका. चुकीच्या उत्तराला एक तृतीयांश गुण कापले जातात.

अर्ज यूपीएससीच्या संकेतस्थळावर, आधी नोंदणी करून. नाव आणि जन्मतारीख दहावीच्या प्रमाणपत्रावर आहे तशीच भरा. फोटो, सही आणि ओळखपत्र तयार ठेवा. पदवीची गुणपत्रकं पुढे लागतातच.

महाराष्ट्रातल्या मुलांची खरी अडचण होते ती जातीच्या दाखल्यात. व्हीजेएनटी, एसबीसी, एसईबीसी हे प्रवर्ग केंद्रात नाहीत. यांतल्या अनेक जाती केंद्राच्या ओबीसी यादीत आहेत, पण सगळ्या नाहीत. यादीत आपली जात शोधा आणि नॉन-क्रीमीलेअर दाखला केंद्राच्या नमुन्यातच काढून घ्या. राज्याच्या नमुन्यातला चालत नाही. ईडब्ल्यूएससाठीही केंद्राचाच नमुना लागतो. दाखला हातात यायला वेळ जातो, आणि त्याची तारीख जाहिरातीतल्या मुदतीत बसावी लागते. म्हणून जाहिरातीची वाट न बघता तहसील कार्यालयात चौकशी सुरू करा.