टिक पद्धत आणि मैदानी ड्रिलचा बदललेला चेहरा

अमेरिकेतील मार्चिंग बँडच्या ड्रिलची, म्हणजे वाजवता वाजवता चालत मैदानावर आकार घडवण्याची, मुळे लष्करी संचलनात आहेत. 1907 साली इंडियानातील एका विद्यापीठाच्या बँडने मैदानावर उभे केलेले ‘पी’ अक्षर किंवा 1936 साली ओहायोत चालत्या रांगेने वळणदार लिपीत काढलेले राज्याचे नाव हे त्या परंपरेतले सर्वांना ठाऊक असलेले टप्पे. लष्कराकडून आलेले पाऊल 30 इंचांचे होते. एनसीसीत तेज चाल केलेल्यांना ते नवे नाही. मात्र अमेरिकी फुटबॉलच्या मैदानावर दर 5 यार्डांना रेघ असते. त्या अंतरात 8 पावले बसवली की पाऊल 22.5 इंचांवर येते, आणि 8 काउंट (तालाचे ठोके) संपताना वादक नेमका पुढच्या रेघेवर असतो. आजही ड्रिल लिहिणारे याच मापात विचार करतात.

खरा तंटा झाला तो ड्रम कोअरच्या, म्हणजे पितळी वाद्ये, तालवाद्ये आणि झेंडे घेऊन उतरणाऱ्या पथकांच्या, स्पर्धांत; टिकवरून, म्हणजे चुकीमागे खूण करून गुण कापण्याच्या पद्धतीवरून. माजी सैनिकांच्या संघटना या स्पर्धा भरवत, त्या काळापासून चालत आलेल्या या पद्धतीत अंमलबजावणीचे गुण आधीच पदरात असत आणि प्रत्येक चुकीला दशांश गुण कापला जाई. परीक्षक रांगांमधून फिरत पाय चुकलेला, अंतर सुटलेले, रांग वाकलेली टिपत. साहजिकच ड्रिल बेताने लिहिली जाई. मैदानाच्या मधोमध असलेल्या 50 यार्डांच्या रेघेच्या दोन्ही बाजूंना एकमेकींचे प्रतिबिंब, सरळ रांगा, दारासारख्या एका टोकावर फिरणाऱ्या रांगा, म्हणजे गेटे.

जोखीम किती, हे एका रांगेवरून कळेल. दोन-दोन पावलांवर उभी 16 जणांची रांग एका टोकाभोवती 90 अंश फिरवली, तर बाहेरच्या वादकाला सुमारे 47 पावलांचे अंतर कापावे लागते. 32 काउंट दिले तर त्याचे पाऊल 33 इंचांचे होते. 16 दिले तर 66 इंचांचे, म्हणजे अशक्य. तीच रांग मध्यावर फिरवली की 16 काउंटांत जमते, पण अर्धी माणसे उलट्या पावलांनी चालतात. टिकच्या धाकात असा धोका कोण पत्करणार?

80 च्या दशकाच्या सुरुवातीला न्यू जर्सीच्या एका कोअरने पत्करला. सममिती सोडून एकातून दुसऱ्यात वितळणारे आकार त्यांनी मैदानभर फिरवले आणि 1983 ते 85 अशी सलग तीन विजेतेपदे घेतली. अशा आकारात चूक लपते, हा विरोधकांचा आक्षेप होता. त्यात तथ्य होतेच: रांग सरळ असली की वाकडेपणा उघडा पडतो, सतत बदलणाऱ्या वक्रात कोण चुकले हे परीक्षकालाही ठामपणे सांगता येत नाही. 1984 साली टिक रद्द झाली आणि रचना व तिची पूर्तता या दोन्हींसाठी गुण शून्यापासून कमवायचे ठरले. परीक्षकाच्या आवडीनिवडीला वाव मिळाला, ही तक्रार तेव्हापासून आहे. ती खोटी नाही. पण चूक मोजणाऱ्या पद्धतीने कल्पनेलाच दंड लावला होता, आणि तो उठल्याशिवाय ड्रिल ही स्वतंत्र कला झाली नसती.

त्याच दशकात ड्रिल आखायच्या आलेखाच्या कागदाची जागा संगणकाने घ्यायला सुरुवात केली. मोठी तालवाद्ये खांद्यावरून उतरून मैदानापुढे ठेवली गेली, त्यामुळे मधली जागा मोकळी झाली. 2004 पासून ड्रम कोअरमध्ये ध्वनिवर्धनालाही परवानगी मिळाली.

गेल्या काही वर्षांत प्रॉप्स, म्हणजे देखाव्याचे साहित्य, वाढले आहेत आणि रंगवलेल्या ताडपत्र्या मैदानावर अंथरल्या जातात. त्याखाली यार्डाच्या रेघा झाकल्या जातात. वादकाला आपला डॉट, म्हणजे ठरलेली जागा, मग शेजाऱ्याच्या अंतरावरून आणि पाठ केलेल्या पावलांवरून गाठावा लागतो. आणि नजर कुठे ठेवायची, हे प्रेक्षकाला वादकांच्या आकारापेक्षा प्रॉपच जास्त सांगू लागला आहे.