स्पर्धक किमान वेतन बुडवतो, तर कारखानदाराने अर्ज कुठे आणि कसा करायचा?

शेजारचा कारखानदार ठरलेल्या किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देतो, पीएफ भरत नाही आणि त्याच जोरावर तुमच्यापेक्षा स्वस्तात जॉबवर्क, म्हणजे दुसऱ्याचा माल मजुरीवर विणून देण्याचं काम, उचलतो. इचलकरंजी, मालेगाव किंवा भिवंडीच्या यंत्रमागधारकाला हे दुखणं समजावून सांगावं लागत नाही. दाद मागायचे मार्ग दोन आहेत. स्पर्धक कायद्याचा दरच देत नसेल तर एक, आणि सरकारने ठरवलेल्या दरातच तुमच्या भागावर अन्याय होत असेल तर दुसरा. दोन्ही तक्रारी एका अर्जात कोंबल्या तर एकाही मुद्द्यावर धड निर्णय होत नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता, 2019 लागू आहे. तिने 1948 च्या किमान वेतन अधिनियमाची जागा घेतली. पूर्वी किमान वेतन फक्त अनुसूचीतल्या (कायद्याला जोडलेल्या यादीतल्या) उद्योगांपुरतं होतं, आता ते सगळ्या कामगारांना आहे. जुन्या अधिसूचना संहितेशी विसंगत नसतील तर नव्या येईपर्यंत चालू राहतात, म्हणून आधी आपल्या उद्योगाची शेवटची अधिसूचना आणि ताजा विशेष भत्ता (महागाईनुसार बदलणारा) काढून हातात ठेवा.

स्पर्धक कमी मजुरी देत असेल तर

इथे बरेच जण अडखळतात. थकलेल्या वेतनाचा दावा (कलम 45) कामगार, नोंदणीकृत कामगार संघटना किंवा कामगार विभागाचा निरीक्षक करू शकतो. खटल्यासाठीची तक्रार (कलम 52) शासन, त्याने अधिकार दिलेला अधिकारी, निरीक्षक, कामगार किंवा नोंदणीकृत संघटना करू शकते. प्रतिस्पर्धी कारखानदाराचं नाव दोन्ही यादींत नाही. तुम्हाला देता येते ती माहिती. म्हणून जिल्ह्याच्या कामगार कार्यालयाला द्यायच्या अर्जात स्वतःसाठी भरपाई मागू नका, तपासणीची मागणी करा.

अर्जात त्या कारखान्याचा पत्ता, चालणाऱ्या पाळ्या, कामाचा प्रकार आणि मजूर ठेकेदारामार्फत येत असतील तर तसा उल्लेख हवा. सोबत हिशोब जोडा: अधिसूचनेतल्या दराने मीटरमागे मजुरी किती बसते आणि बाजारात जॉबवर्क कोणत्या दराने घेतलं जातंय. नुसता कमी दर हा पुरावा होत नाही, समोरच्याकडे वेगवान माग असू शकतात. तपासणीचं कारण म्हणून मात्र तो हिशोब उपयोगी पडतो.

तिथल्या कामगारांची नावं त्यांना विचारल्याशिवाय अर्जात घालू नका. नोकरी त्यांची जाते, तुमची नाही. त्यांना दावा करायचाच असेल तर मुदत 3 वर्षांची आहे, पूर्वी ती 6 महिन्यांची होती. फरकाच्या रकमेवर दहापटीपर्यंत भरपाई मिळू शकते आणि वेतन दिल्याचं सिद्ध करण्याची जबाबदारी मालकावर असते. ठेकेदाराने पैसे दिले नाहीत तर आस्थापनेचा मालक जबाबदार धरला जातो. कमी वेतन दिल्याचा दंड 50,000 रुपयांपर्यंत आहे. 5 वर्षांच्या आत पुन्हा तोच गुन्हा घडला तर 3 महिन्यांपर्यंत कैद, 1 लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही.

दराबद्दलच तक्रार असेल तर

दर ठरवताना सरकार एकतर समिती नेमतं किंवा राजपत्रात मसुदा छापतं. मसुदा छापला तर हरकतींसाठी किमान 2 महिने द्यावे लागतात. दर बदलताना सल्लागार मंडळाचा सल्लाही घ्यावा लागतो. ज्याच्यावर परिणाम होऊ शकतो असा कोणीही हरकत घेऊ शकतो: एकटा मालक, मालकांची संघटना, कामगार, कामगार संघटना. अर्ज मसुद्यातच दिलेल्या पत्त्यावर, मुदतीत पाठवायचा आणि पोच जपून ठेवायची.

‘एवढं वेतन परवडत नाही’ या एका वाक्यावर हरकत उभी करू नका. अजमेरच्या बिजय कॉटन मिल्सच्या खटल्यात 1954 मध्ये आणि केरळच्या कौल कारखानदारांच्या उन्निचोयी खटल्यात 1961 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की किमान वेतन ठरवताना मालकाची ऐपत बघायची नसते. माझ्या मते ते योग्यच आहे. तुमचा खरा मुद्दा वेगळा आहे: एकच माल, एकच बाजारपेठ, तरी दोन परिमंडळांच्या (किमान वेतनासाठी पाडलेल्या भागांच्या) दरांत एवढी तफावत का? राहणीमानाचा खर्च खरंच तेवढा वेगळा आहे का? पिकावर (पिक म्हणजे मागावर आडवा धागा टाकण्याची एक फेरी) दिली जाणारी मजुरी रोजच्या दरात कशी बसवली आहे? एकाच कामाला इथे कुशल आणि तिथे अर्धकुशल का धरलंय? या प्रश्नांना आकडे जोडा.

कागदपत्रं साधीच लागतात. उद्यम नोंदणी, कारखाना परवाना असल्यास त्याची प्रत, हजेरी आणि वेतन नोंदवही, बँकेतून दिलेल्या पगाराचे तपशील, पीएफ व ईएसआयची चलनं, जॉबवर्कची बिलं. संघटनेतर्फे अर्ज असेल तर ठराव आणि सही करणाऱ्याचं अधिकारपत्र. स्वतःची वेतन नोंदवही अपुरी असेल तर अर्जाआधी ती नीट करा आणि कामगारांचा राहिलेला फरक चुकता करा, कारण तपासणी तुमच्याकडेही येऊ शकते.

संघटनांनी एक काळजी घ्यावी. निवेदनात किंवा ठरावात ‘यापुढे सर्वांनी अमुक दरापेक्षा कमी जॉबवर्क घेऊ नये’ असं लिहू नये. स्पर्धा अधिनियम, 2002 च्या कलम 3 नुसार असं दर ठरवणं हाच बेकायदा करार धरला जाऊ शकतो.

अर्जाचं पुढे काय झालं हे कळलं नाही तर माहिती अधिकारात 10 रुपये शुल्क भरून केलेल्या कारवाईची माहिती मागता येते. उत्तराची मुदत 30 दिवस आहे.